मॅनोमेट्री करताना नवीन लोकांच्या हमखास होणाऱ्या चुका आणि त्या नळी आत असतानाच कशा पकडायच्या

नवीन टेक्निशियन, एंडोस्कोपीतून मोटिलिटीच्या खोलीत पाठवलेल्या सिस्टर, गॅस्ट्रोच्या पोस्टिंगला आलेले ज्युनियर डॉक्टर, या सगळ्यांसाठी लिहितेय. अन्ननलिकेच्या दाबाची टेस्ट, म्हणजे मॅनोमेट्री, बाहेरून बघताना सोपी वाटते. नाकातून नळी घाला, दहा घोट पाणी पाजा, स्क्रीनवर रंगीत चित्र येतं, प्रिंट काढा, झालं. पण याच चित्रावरून पुढे ठरतं की पेशंटला अकॅलेशिया (गिळताना अन्ननलिकेची खालची झडप नीट उघडत नाही असा आजार) आहे की नाही, त्याचं पोएम (दुर्बिणीतून ती झडप मोकळी करायचं ऑपरेशन) करायचं का, रिफ्लक्सचं ऑपरेशन करायचं असेल तर अन्ननलिकेत अन्न खाली ढकलायची ताकद उरलीय का. म्हणजे एक चुकीचं चित्र आणि माणूस नको त्या ऑपरेशनला लागू शकतो, किंवा हवं ते उपचार मिळायला वर्ष जातं.

सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहू नका. नळी जठरात आहे की अर्ध्यात वळून परत वर आलीय हे त्याला कळत नाही, आकडा तो दोन्ही वेळा छापतोच. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, चूक पकडायची ती नळी आत असताना. तेव्हा एक घोट परत घ्यायला अर्धा मिनिट लागतं. नळी बाहेर आली की मग रिपोर्ट लिहिणारा कितीही अनुभवी असू दे, खराब ट्रेसिंग तो चांगलं करू शकत नाही, आणि पेशंटला परत बोलवा म्हटलं तर अर्धे येतच नाहीत, का येतील, नाकात नळी कुणाला आवडते.

आदल्या दिवशीचा फोन

हा फोन कुणीतरी करायलाच हवा आणि तो नीट करायला हवा. नुसतं "उपाशीपोटी या" म्हटलं की आपलं काम झालं असं समजू नका. आपल्याकडे गोव्यात सकाळची पेज बरेच लोक खाण्यात धरतच नाहीत. आजींना विचारलं, काही खाल्लं का, तर मान हलवून नाही म्हणतात आणि ते त्यांच्या हिशेबाने खरंच असतं, कारण पेज पितात, खात नाहीत, आणि चहात बुडवलेला पाव तर मोजायचाच नसतो. तेव्हा नाव घेऊन विचारा. पेज प्यालात? चहा? पाव किंवा उंडो? गोळी घेताना किती पाणी? पेडण्याहून नाहीतर काणकोणहून पहाटेची कदंबा बस पकडून येणारा माणूस वाटेत स्टँडवर चहा घेणारच, त्याला आदल्या दिवशीच स्पष्ट सांगायला लागतं. सावंतवाडी-दोडामार्गाकडून किंवा कारवारहून येणाऱ्यांना तर दोनदा सांगा.

साधारण नियम असा की घन अन्न ६ तास आणि पातळ ४ तास बंद, पण तुमच्या डॉक्टरांनी जे ठरवलंय ते पाळा. ज्याला अकॅलेशियाचा संशय आहे त्याची गोष्ट वेगळी. त्याच्या अन्ननलिकेत कालचा भातसुद्धा आज असू शकतो, नळी घालताना ओकारी आली की ते थेट श्वासनलिकेत जायची भीती. अशांना आधीचा दिवस-दोन दिवस फक्त पातळ आणि उपवास जास्त वेळाचा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. झोपल्यावर तोंडात अन्न परत येतं का, रात्री ठसका लागून जाग येते का, हे दोन प्रश्न फोनवर विचारलेत तर असे पेशंट आधीच कळतात.

डायबिटीसवाल्यांना सकाळचा पहिला नंबर द्या. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात डायबिटीसचं सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या गोव्यात निघालं होतं, २६.४ टक्के, म्हणजे तुमच्या यादीत रोज कुणीतरी असणारच. इन्सुलिन घेऊन उपाशी बसवलेला माणूस बारा वाजता घामाने भिजला तर टेस्ट राहिली बाजूला, साखर देत बसाल. सकाळचा डोस किती घ्यायचा ते त्याच्या डॉक्टरांनी सांगायचं, आपण अंदाजाने नाही.

आता औषधं. इथे नवीन लोक सगळ्यात जास्त घसरतात, कारण यादी विचारतात पण वाचत नाहीत. डोमपेरिडोन, मेटोक्लोप्रमाइड, इटोप्राइड ही अन्ननलिकेची हालचाल बदलतात. नायट्रेट आणि डिल्टिआझेम, निफेडिपिनसारखी औषधं खालचा स्फिंक्टर, म्हणजे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप, सैल करतात. आणि ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन वगैरे ओपिऑइड गोळ्या, यांच्यामुळे तर स्फिंक्टर उघडतच नाही आणि आकुंचन वेळेआधी येतं, हुबेहूब टाइप ३ अकॅलेशियासारखं किंवा स्पाझमसारखं चित्र दिसू शकतं. कंबरदुखीसाठी रोज ट्रामाडॉल घेणारी मावशी "गॅसची गोळी आणि दुखण्याची गोळी" एवढंच सांगते. पाकिटं घेऊन यायला सांगा, स्वतः वाचा, नाव आणि शेवटचा डोस कधी घेतला ते फॉर्मवर लिहा. थांबवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, हृदयाची गोळी तर आपण कधीच स्वतःहून बंद करायला सांगायची नाही. नाही थांबवता आली तरी हरकत नाही, पण रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं पाहिजे. दारूचंही न लाजता विचारा, आदल्या रात्रीची फेणी टेस्टला चालत नाही.

टेबलावर घ्यायच्या आधी

स्कोपीचा रिपोर्ट बघा. गिळायला त्रास असेल तर मॅनोमेट्रीच्या आधी एंडोस्कोपी झालेली हवी, कारण आत गाठ किंवा आकुंचलेली जागा असेल तर दाबाचे आकडे वेगळंच काहीतरी सांगतात. त्याच दिवशी झोपेचं इंजेक्शन देऊन स्कोपी झालेली असेल तर लगेच मॅनोमेट्री घेऊ नका. हर्निया (जठराचा भाग छातीत सरकलेला) लिहिलाय का, किती सेंमीचा, आधी पोटाची किंवा छातीची सर्जरी झालीय का, हे टिपून ठेवा, पुढे नळी कुठे आहे ते ओळखताना लागतं. नाकाचं हाड वाकडं, नाकाचं ताजं ऑपरेशन, डोक्याच्या तळाला फ्रॅक्चर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, लिग्नोकेनची (बधिर करायच्या औषधाची) अ‍ॅलर्जी, यातलं काही असेल तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा.

मशीन आधी, पेशंट नंतर

पेशंटला खुर्चीत बसवून मग कॅलिब्रेशन सुरू करायचं ही वाईट सवय आहे. घाई होते आणि घाईत काहीतरी राहतं.

तुमच्याकडे सॉलिड स्टेट नळी असेल, म्हणजे १ सेंमी अंतरावर ३६ सेन्सरवाली वगैरे, तर कंपनीने सांगितलंय तसं चेंबरमधलं कॅलिब्रेशन करा आणि मग सगळे सेन्सर हवेत शून्यावर आहेत ना ते डोळ्यांनी बघा. एखादा सेन्सर मेलेला असेल तर स्क्रीनवर आडवी एकाच रंगाची पट्टी राहते, पेशंट काहीही करो. तो सेन्सर नेमका स्फिंक्टरच्या जागी आला तर सगळाच आकडा गेला. नळीवर कव्हर चढवत असाल तर आत हवेचा फुगा राहू देऊ नका.

पाण्यावर चालणारी सिस्टीम असेल तर जास्त लक्ष लागतं. प्रत्येक चॅनलमधून पाणी सारखं येतंय ना, कुठे बुडबुडा अडकलाय का, हे नळी पांढऱ्या कापडावर ठेवून बघा. बुडबुडा दबतो, त्यामुळे दाबाचं टोक बोथट होतं आणि चांगली ताकदीची अन्ननलिका कमजोर दिसते. मग नळीचं टोक हळूच थोडं वर उचला, परत खाली आणा, सगळे चॅनल सारखेच हलले पाहिजेत, एखादा मागे राहिला तर तो परत फ्लश करा.

आणि झिरो. पाण्याच्या सिस्टीममध्ये दाब मोजणारे ट्रान्सड्यूसर बाहेर असतात, म्हणून पेशंट झोपला की काखेच्या मधल्या रेषेच्या उंचीला झिरो घ्यायचा. पलंग १० सेंमी वर-खाली झाला की जवळजवळ ७ एमएम एचजीचा फरक पडतो. आयआरपी, म्हणजे गिळताना खालचा स्फिंक्टर किती सैल होतो त्याचा आकडा, जठराच्या दाबाच्या तुलनेत काढतात, तेव्हा सगळ्याच चॅनलला सारखी चूक असेल तर तिथे ती बरीचशी कटून जाते, पण आकुंचनाची ताकद मोजायला जी २० एमएम एचजीची रेषा धरतात ती वातावरणाच्या दाबापासून असते, तिथे ही चूक सरळ घुसते. एकटाच जठरातला चॅनल सरकलेला असेल तर आयआरपीसुद्धा गेलं. म्हणून झिरो घेतल्यावर पलंगाची उंची बदलायची नाही, आणि याच कारणाने पाण्याच्या सिस्टीमवर पेशंटला बसवलं तर आडव्याचे आकडे लावायचे नाहीत, झिरो परत घ्यायचा.

जून-जुलैमध्ये करंट कधी जाईल सांगता येत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. यूपीएस चालू आहे ना, त्याची बॅटरी अर्धा-पाऊण तास तरी धरते ना, हे महिन्यातून एकदा खरोखर प्लग काढून तपासा. सातव्या घोटाला कॉम्प्युटर बंद पडला तर पेशंटच्या नाकातली नळी तशीच आणि रेकॉर्डिंग गायब.

नळी घालताना

आधी बोला. नळी कशी आहे ती हातात घेऊन दाखवा, डोळ्यांतून पाणी येईल, ओकारी येईल, श्वास मात्र अडणार नाही, दोन मिनिटं जड जातील मग सवय होते, असं सरळ सांगा. खोटं सांगू नका की काही होणार नाही, पहिल्या ओकारीलाच विश्वास उडतो आणि मग पुढची पंधरा-वीस मिनिटं माणूस ताठ होऊन पडतो, गिळत राहतो, ट्रेसिंग सगळं भरून जातं. हात वर केला की आम्ही थांबू, हे सांगितलं आणि खरंच थांबलात की बहुतेक जण सहन करतात.

कुठली नाकपुडी मोकळी ते एकेक बंद करून हुंगायला सांगून बघा. जेल नाकात लावा, घशात स्प्रेचा मारा करू नका, घसा पूर्ण बधिर झाला की गिळणं बिघडतं आणि ठसक्याची भीती वाढते. पेशंट बसलेला, नळी नाकाच्या तळाला धरून सरळ मागे, वर टोचत नाही. घशाशी आली की हनुवटी छातीकडे, स्ट्रॉने पाणी घोट घोट, प्रत्येक घोटाबरोबर नळी पुढे. खोकला थांबत नाही, आवाज बदलला, बोलता येत नाही, तर लगेच मागे घ्या. अडलं तर जोर लावायचा नाही, थांबा, श्वास घेऊ द्या, परत घोट द्या.

नळी खरंच कुठे आहे ते सिद्ध करा

हा भाग दोनदा वाचा. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते.

बहुतेक मोठ्या माणसांत खालचा स्फिंक्टर नाकापासून ४० ते ४५ सेंमीच्या आसपास सापडतो, पण उंचीप्रमाणे आणि आजाराप्रमाणे फरक पडतो, म्हणून नुसता आकडा बघून टेप लावू नका. स्क्रीनवर वरती एक दाबाचा पट्टा दिसला पाहिजे, खालती एक, आणि खालच्या पट्ट्याच्याही खाली जठरातले दोन-तीन तरी सेन्सर. मग मोठा श्वास घ्यायला सांगा, निदान तीनदा. छातीत श्वास घेताना दाब कमी होतो, पोटात वाढतो. स्क्रीनवर एका जागी हे उलटतं, वर रंग निवळतो आणि खाली गडद होतो, ती जागा म्हणजे डायफ्रामची (छाती आणि पोटामधल्या पडद्याची). ती उलटणारी जागा दिसली म्हणजे नळी डायफ्रामच्या पलीकडे गेली. नाही दिसली तर नाही गेली, मग नळी ५५ पर्यंत आत घातलेली का असेना.

नळी वळली असेल तर काय दिसतं तेही नीट बघून ठेवा. पेशंट गिळतो, लाट वरून खाली येते, आणि खाली पोचल्यावर तीच लाट पुन्हा वर चढताना दिसते, तळ्याच्या पाण्यात काठावरचा माड उलटा दिसावा तसं. स्क्रीनच्या मध्यावर घडी घातल्यासारखं सारखं चित्र, वरही तेच, खालीही तेच. आता अशा वेळी ट्रेसिंगमध्ये खालचा स्फिंक्टर नाहीच, तरी सॉफ्टवेअर कुठल्यातरी पट्ट्याला स्फिंक्टर समजतं, तो उघडत नाही असं मोजतं, आणि अकॅलेशियाचं निदान छापून येतं. असं चित्र दिसलं की नळी २० सेंमीपर्यंत मागे ओढा, परत घोटाबरोबर हळूहळू घाला, पेशंटला थोडं पुढे वाकवून किंवा उभं करून बघा. तरीही जात नसेल तर थांबा. खरा अकॅलेशिया किंवा मोठा हर्निया असेल तर कधीकधी एंडोस्कोपीच्या मदतीने नळी बसवावी लागते, आणि "नळी पुढे गेली नाही" असं लिहिणं हे खोटा आकडा लिहिण्यापेक्षा शंभरपट चांगलं.

हर्नियात दाबाचे दोन पट्टे दिसतात, वरचा स्फिंक्टरचा, खालचा डायफ्रामचा, मधे हर्नियाची पिशवी. जठराचा दाब पिशवीतून घेतला की आयआरपी चुकतं. म्हणून जठराचा मार्कर दोन्ही पट्ट्यांच्या खाली आहे ना ते बघा.

नळी बसली की नाकावर टेप, किती सेंमीवर लावली ते लिहा, आणि निदान एक मिनिट काही न करता पडू द्या. ओकाऱ्या थांबेपर्यंत जास्त लागलं तर जास्त. त्यानंतर ३० सेकंद न गिळता, न बोलता शांत बेसलाइन. ही ३० सेकंदं मिळत नाहीत म्हणून लोक सोडून देतात, सोडू नका, स्फिंक्टरचा मूळ दाब इथूनच येतो.

घोट देताना

सध्या जगभर शिकागो क्लासिफिकेशनची, म्हणजे मॅनोमेट्री कशी करायची आणि निदान कसं ठरवायचं त्या नियमावलीची, चौथी आवृत्ती, २०२१ ची, वापरतात. त्यात आडवं झोपवून ५ एमएलचे १० घोट, मग बसवून ५ घोट, आणि दोन्हीकडे एकेक जास्तीची परीक्षा. इंपिडन्सवाली नळी (पाणी खाली गेलं का तेही दाखवणारी) असेल तर साध्या पाण्याऐवजी सलाइन. खोलीच्या तापमानाचं असू दे, फ्रिजमधलं नको, थंड पाण्याने अन्ननलिकेची लाट मंद होते. ५ एमएल सिरिंजने मोजून द्या, पेल्यातून अंदाजाने नको.

आता डबल स्वॅलो. घोट दिला, पेशंटने गिळलं, आणि दोन-तीन सेकंदांत थुंकी परत गिळली. दुसऱ्या गिळण्याने पहिली लाट जागच्या जागी विझते, हा अन्ननलिकेचा नॉर्मल स्वभाव आहे, पण ट्रेसिंगवर तो घोट फेल दिसतो. चौथ्या आवृत्तीत १० पैकी ५ घोट फेल झाले की इनइफेक्टिव्ह मोटिलिटीचा (अन्ननलिकेची हालचाल कमजोर असण्याचा) निकष पुरा होतो. म्हणजे चार-पाच डबल स्वॅलो नीट न बघता सोडले तर चांगल्या अन्ननलिकेवर आजाराचा शिक्का बसतो, आणि रिफ्लक्सचा सर्जन त्यावरून ऑपरेशनचा विचार बदलतो. स्क्रीनच्या वरच्या कडेला बघा, वरचा स्फिंक्टर एकदा उघडला की दोनदा, एवढं बघितलं तरी पुरे. दोनदा उघडला तर तो घोट मोजायचा नाही, ३० सेकंद थांबून नवीन द्यायचा. दोन घोटांमध्ये नेहमीच निदान ३० सेकंद अंतर ठेवा, घड्याळ बघून, मनात मोजून नाही.

पेशंट परत का गिळतो? बहुतेक वेळा आपल्यामुळे. पाणी पटकन घशात सोडतो, ते थोडं थोडं खाली जातं आणि त्याला परत गिळायला लागतं. पाणी गालात सोडा, जिभेवर धरायला सांगा, मग एकदम एकदाच गिळ म्हणा. नंतर तोंड थोडं उघडं ठेवून, दात न लावता, नाकाने सावकाश श्वास, याने थुंकी गिळायची ओढ कमी होते. पाण्याच्या सिस्टीममध्ये वरच्या छिद्रांतून घशात थेंब पडत राहतात, त्यामुळेही गिळावंसं वाटतं, डोकं थोडं एका बाजूला वळवलं आणि तोंडाच्या कोपऱ्यातून थुंकी टिश्यूवर येऊ दिली की बरं जमतं.

आणि ज्या भाषेत माणूस घरी बोलतो त्या भाषेत सांगा. नळी घशात असताना कुणालाही दुसरी भाषा डोक्यात उलटी-सुलटी करत बसायला जमत नाही. "आतां गिळात", "आतां गिळूं नाकात", "व्हडलो श्वास घेयात", एवढी तीन कोकणी वाक्यं पाठ असली तरी सासष्टी तालुक्यातल्या आंटी आणि सत्तरी तालुक्यातले बाब दोघंही नीट साथ देतात. सगळ्या टेस्टभर एकच शब्द वापरा, एकदा "गिळा", एकदा "घ्या", एकदा "जाऊ द्या" असं केलं की गोंधळ. सोबत आलेल्या नातेवाइकांना बाहेर बसवा, नाहीतर तेही तिकडून "गिळ गे" म्हणतात.

खोकला, ओकारी, ढेकर, बोलणं, यांचे उभे पट्टे सगळ्या सेन्सरवर एकदम उमटतात, ते आले की घोटाशेजारी लगेच नोट टाका. छातीच्या मधोमध नाडीच्या ठोक्याने लुकलुकणारा पट्टा दिसला तर ते शेजारच्या हृदयाचं नाहीतर रक्तवाहिनीचं धडधडणं असतं, स्फिंक्टर नाही. सात चांगले घोट झाले की डॉक्टर चालेल म्हणतीलही, पण आपण दहा पुरे करायचे, पेशंट सहन करत असेल तोवर.

जास्तीच्या परीक्षा

आडवं असताना लागोपाठ घोट, २ एमएलचे पाच, प्रत्येक दोन-तीन सेकंदांनी. इथे गिळत असताना अन्ननलिका शांत राहिली पाहिजे आणि शेवटी एक जोरदार लाट आली पाहिजे, एकेकट्या घोटांच्या सरासरीपेक्षा ताकदीची. चूक कुठे होते, तर सिरिंज भरण्यात वेळ जातो आणि अंतर पाच-सहा सेकंदांचं होतं. १० एमएलची सिरिंज आधीच भरून ठेवा. नीट जमलं नाही तर तीनदापर्यंत परत करता येतं.

बसवल्यावर परत एक मिनिट थांबणं, परत तीन मोठे श्वास, परत बेसलाइन. उठताना नळी एक-दोन सेंमी सरकते, म्हणून श्वासाची परीक्षा परत लागतेच. मग पाच घोट आणि शेवटी २०० एमएल पाणी स्ट्रॉने जमेल तेवढं लवकर. याने खाली अडथळा आहे का ते चांगलं कळतं. पण आधीच्या घोटांत पाणी खाली जातच नाहीये असं दिसत असेल, पेशंटला ठसका लागत असेल, तर हे २०० एमएल देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. आपल्याला पूर्ण प्रोटोकॉलपेक्षा माणसाची फुप्फुसं महत्त्वाची.

नळी काढताना

रेकॉर्डिंग बंद न करता नळी काढा. काही सॉलिड स्टेट सिस्टीममध्ये शरीराच्या उष्णतेने सेन्सरचा झिरो हळूहळू सरकतो, आणि तो दुरुस्त करायला नळी बाहेर आल्या आल्या, गरम असतानाच, हवेत लोंबती धरून रेकॉर्ड करावं लागतं. इथे लोक नळी मुठीत धरतात किंवा लगेच पुसायला घेतात, तो बोटांचा दाबच मग झिरो म्हणून धरला जातो. टोक वरून धरा, सेन्सरला काहीच लागू देऊ नका, काही सेकंदांचं काम आहे.

धुणं कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच, एन्झाइमचं पाणी, मग हाय लेव्हल डिसइन्फेक्शन, मग भरपूर स्वच्छ पाणी. आपल्या पावसाळ्यात नळी वाळत नाही हो, ओलसर डब्यात गुंडाळून ठेवली की वास येतो आणि बुरशी धरते. हवेशीर जागी लांब लटकवा, घट्ट गुंडाळून वायर मोडू नका.

आकड्यांकडे बघताना

रिपोर्ट डॉक्टर लिहितात, पण त्यांच्याकडे जायच्या आधी मार्कर आपण नीट लावायचे. गिळणं कुठे सुरू झालं तो मार्कर चुकला की पुढचं सगळं चुकतं, कारण आयआरपी म्हणजे वरचा स्फिंक्टर उघडल्यापासूनच्या १० सेकंदांत सगळ्यात कमी दाबाच्या ४ सेकंदांची सरासरी. मार्कर एका खोकल्यावर बसला असेल तर ते १० सेकंदच भलतीकडचे.

आयआरपीच्या नॉर्मलची हद्द कुठल्या कंपनीच्या सिस्टीमवर टेस्ट झाली त्यावर ठरते. मेडट्रॉनिकवर आडवं असताना १५ एमएम एचजी आणि बसून १२, लॅबोरी किंवा डायव्हर्साटेकवर आडवं २२ आणि बसून १५. दुसऱ्या हॉस्पिटलातून आलेल्या रिपोर्टचा १८ आपल्या हद्दीला लावून घाबरू नका. पाण्याच्या सिस्टीमला तिच्या स्वतःच्या हद्दी. आकुंचनाच्या ताकदीचा आकडा, डीसीआय, ४५० ते ८००० चांगला, १०० च्या खाली फेल. वेळेआधी आलेली लाट म्हणजे डिस्टल लेटन्सी (गिळल्यापासून लाट खाली पोचेपर्यंतचा वेळ) ४.५ सेकंदांपेक्षा कमी, पण सॉफ्टवेअर लाट खाली पोचल्याचा बिंदू बऱ्याचदा चुकीच्या जागी ठेवतं, म्हणून स्पाझम छापून आला की प्रत्येक घोटाचा तो बिंदू हाताने तपासा.

आणि फक्त आयआरपी थोडं जास्त, बाकी लाटा नीट, अशा पेशंटला लगेच अडथळ्याचं निदान चिकटवू नका. चौथ्या आवृत्तीत त्यासाठी आडवं आणि बसून दोन्हीकडे आयआरपी जास्त, अन्नाच्या घोटाचा दाब वाढलेला, गिळायला त्रास किंवा छातीत दुखणं, आणि वर बेरियमसारखी दुसरी एखादी टेस्ट, एवढं सगळं लागतं. घाबरलेल्या, ताठ झालेल्या माणसातही हा आकडा वर जातो, ट्रामाडॉलवरच्या माणसातही जातो. म्हणून तुमची नोट इथे सोन्याची ठरते: कितवा घोट डबल होता, कुठे खोकला, कुठे "अडकलं" म्हणाला, शेवटची ओपिऑइड गोळी कधी, नळी किती सेंमीवर, श्वासाला दाब उलटला की नाही. आठच घोट झाले असतील तर आठ लिहा. बसून करता आलं नाही तर का नाही ते लिहा.

पेशंटला घरी सोडताना सांगा की नाक-घसा एखाद-दुसरा दिवस चुरचुरेल, घशाचा बधिरपणा गेला की पेज, पाणी, जेवण सगळं चालेल. नाकातून रक्त थांबत नसेल, छातीत जोरात दुखलं किंवा ताप आला तर कुठल्या नंबरवर फोन करायचा तो द्या. बंद केलेल्या गोळ्या कधीपासून परत सुरू करायच्या ते मोठ्या अक्षरात कागदावर लिहून द्या, मधुमेहाची कुठली, हृदयाची कुठली, एकेक नाव घालून, कारण तोंडी सांगितलेलं ऐकणारा मुलगा तिकडे पार्किंगमध्ये गाडी काढायला गेलेला असतो आणि गोळ्यांचा डबा घरी सुनेच्या हातात असतो.